फसलेल्या बंडांचा नाटककार : फ्रान्सिस्को मार्तीनेझ दे ला रोसा



सुरुवातीला १८३४ सालच्या एप्रिल महिन्यातल्या तीन तारखा सांगतो. १० एप्रिलला माद्रिदमध्ये 'एस्तातुतो रेआल' ही राजसनद जाहीर झाली, आणि दहा-अकरा वर्षांच्या निरंकुश राजवटीनंतर स्पेनमध्ये पुन्हा संसद भरणार हे नक्की झालं. २२ एप्रिलला लंडनमध्ये ब्रिटन, फ्रान्स, स्पेन आणि पोर्तुगाल या चार देशांचा करार झाला. स्पेनच्या तीन वर्षांच्या राणीला गादीवर टिकवायचं तर त्या कराराचा आधार हवाच होता. दुसऱ्या दिवशी, २३ एप्रिलला, माद्रिदच्या तेआत्रो देल प्रिन्सिपेमध्ये 'ला कोन्हुरासियोन दे वेनेसिया', म्हणजे 'व्हेनिसचा कट', या नव्या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. सनद तयार करणारा, करार करणाऱ्या सरकारचा प्रमुख आणि नाटकाचा लेखक हा एकच माणूस होता. फ्रान्सिस्को मार्तीनेझ दे ला रोसा हे त्याचं नाव. त्या दिवशी तो स्पेनचा पंतप्रधान होता.

स्पेनचा नाटककार म्हटलं की आपल्याकडे लोर्का आठवतो. हाही ग्रानादाचाच, पण लोर्काच्या शंभराहून अधिक वर्षं आधी जन्मलेला. लोर्काला त्याच्या मरणाने जगभर पोचवलं. मार्तीनेझ दे ला रोसा मात्र चांगला पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यापर्यंत जगला, मोठमोठी पदं भूषवून गेला, आणि हळूहळू पाठ्यपुस्तकातल्या एका परिच्छेदापुरता उरला. स्पॅनिश साहित्याच्या इतिहासात त्याच्याविषयी ठरलेलं वाक्य असतं: जुन्या अभिजात वळणाकडून रोमँटिक नाटकाकडे नेणारा दुवा. राजकीय इतिहासातही तेच, दोन टोकांच्या मधला माणूस. दोन्ही वाक्यं खरी आहेत. पण ती वाचून त्याचं नाटक उघडावं असं कुणाला वाटणार नाही, आणि ते उघडावं असं मला मनापासून वाटतं.

त्याची नाटकं एकापाठोपाठ एक वाचताना एक गोष्ट लक्षात येते. 'पादियाची विधवा' हे नाटक राजाविरुद्धच्या उठावाच्या अखेरीचं. 'आबेन उमेया' ग्रानादाच्या डोंगरातल्या मोरिस्कोंच्या, म्हणजे पूर्वाश्रमीच्या मुसलमानांच्या, उठावाचं. 'व्हेनिसचा कट' तर नावापासूनच कटाचं. हे सगळे उठाव फसतात. एकदाही, एकाही नाटकात, बंड यशस्वी होत नाही. आणि हाच माणूस राजकारणात तीस-चाळीस वर्षं एकाच खटपटीत होता: अन्यायाविरुद्ध बोलायला माणसाला बंडाखेरीज दुसरी वाट मिळावी. त्याची नाटकं आणि त्याचं राजकारण यांची मुळं एकच आहेत, हे आज मला तुमच्यापुढे मांडायचं आहे.

त्याचा जन्म १० मार्च १७८७चा, ग्रानादाचा. शिक्षण तिथल्याच विद्यापीठात झालं आणि अगदी कोवळ्या वयात तो तिथेच तत्त्वज्ञान शिकवू लागला. १८०८मध्ये नेपोलियनच्या फौजा स्पेनमध्ये घुसल्या आणि वर्गातला हा तरुण वर्तमानपत्रात, मग वाटाघाटींत, मग लंडनला पोचला. तिथून तो कादिसला आला.

त्या काळचं कादिस डोळ्यांसमोर आणायला हवं. समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्यावरचं शहर, पलीकडच्या किनाऱ्यावर फ्रेंच तोफा, आणि त्या वेढ्यात बसून प्रांतोप्रांतीचे प्रतिनिधी राज्यघटना लिहिताहेत. अमेरिकेतल्या वसाहतींचेसुद्धा प्रतिनिधी तिथे होते. १८१२ची ती घटना पुढे युरोपभर उदारमतवाद्यांचं दैवत झाली. मार्तीनेझ दे ला रोसाचं वय सभासद व्हायला कमी पडलं. त्याने छपाईच्या स्वातंत्र्याविषयीच्या समितीचं काम केलं आणि नाटकं लिहिली. 'पादियाची विधवा' १८१२च्या जुलैत तिथे रंगभूमीवर आलं. शहरातलं नाट्यगृह तोफगोळ्यांच्या टप्प्यात होतं, म्हणून गोळे पोचणार नाहीत अशा लांबच्या टोकाला फळ्यांचं दुसरं नाट्यगृह उभारलं गेलं. वेढा पडलेल्या गावाने नाटक बंद न करता नाट्यगृहच हलवावं, याचं मला फार कौतुक वाटतं.

नाटकाचा विषयही त्या प्रेक्षकांना लागलीच भिडणारा. कास्तीयच्या शहरांनी सम्राट पाचव्या चार्ल्सविरुद्ध बंड केलं, ते १५२१मध्ये विय्यालारच्या मैदानावर मोडलं आणि त्यांचा पुढारी हुआन दे पादिया याचं डोकं उडवण्यात आलं. त्यानंतर त्याची बायको मारिया पाचेको हिने तोलेदो शहर लढवत ठेवलं. वेढलेल्या शहरात वेढलेल्या शहराचं नाटक! टाळ्यांचा कडकडाट झाला असणार. पण पंचवीस वर्षांच्या लेखकाने वेढ्यातल्या शूर लोकांसाठी विजयाचं नाटक लिहिलं नाही. त्याच्या तोलेदोत भूक आहे, थकवा आहे आणि आता शरण जाऊ या म्हणणारी आपलीच माणसं आहेत. मारिया एकटी पडत जाते ती शत्रूमुळे जितकी, तितकीच आपल्या लोकांमुळे.

दोनच वर्षांत त्याच्यावरही तीच पाळी आली. १८१४मध्ये सातवा फर्नांडो फ्रान्सच्या कैदेतून परतला. ज्यांनी त्याच्या नावाने सहा वर्षं लढाई केली, त्यांचीच घटना त्याने ४ मेच्या फर्मानाने रद्दबातल केली आणि १० मेच्या रात्री माद्रिदमध्ये धरपकड झाली. मार्तीनेझ दे ला रोसा आता ग्रानादाचा निवडून आलेला सभासद होता. त्यालाही उचललं. या माणसांवर खटले भरायचे तर कोणत्या कायद्याखाली, हेच न्यायमंडळांना ठरवता येईना. संसदेत भाषण करणं हा गुन्हा कसा होतो? एकामागून एक आयोग नेमले गेले, कागद इकडून तिकडे फिरले. अखेर १८१५च्या डिसेंबरात राजाने स्वतःच शिक्षा ठरवून टाकल्या. आरोप सिद्ध व्हायची वाट पाहिलीच नाही.

मार्तीनेझ दे ला रोसाच्या वाट्याला पेन्योन दे वेलेस दे ला गोमेरा आलं. मोरोक्कोच्या किनाऱ्याजवळ, भूमध्य समुद्रात, जेमतेम दोन हेक्टरांचा एक उभा खडक. आज वाळूच्या पट्टीने तो किनाऱ्याला जोडला गेला आहे. त्या वेळी चहूबाजूंनी पाणी होतं. खडकावर किल्ला, किल्ल्यात शिबंदी आणि कैदी. अटकेपासून सुटकेपर्यंत आयुष्यातली जवळजवळ सहा वर्षं गेली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापासून तेहतिसाव्यापर्यंतची. त्या खडकावर त्याने 'मोरायमा' ही शोकांतिका लिहिली. ग्रानादाच्या मुस्लिम राजवटीच्या शेवटच्या काळात दोन घराण्यांच्या वैरात सापडलेल्या बाईची ही गोष्ट. खडकावरून आफ्रिकेचा किनारा दिसायचा, आणि लेखकाच्या मनात समुद्रापलीकडचं स्वतःचं गाव होतं. होरेसच्या काव्यशास्त्राचं भाषांतरही त्याने हाती घेतलं. काव्य कसं असावं याचे नियम कैदेत बसून घोटून घोटून लिहिणाऱ्या माणसाविषयी टीकाकार थट्टेने लिहितात, तेव्हा मला वाईट वाटतं. बाहेर कुठलाच नियम पाळला जात नव्हता, हे तरी लक्षात घ्यावं.

१८२०मध्ये रिएगो या अधिकाऱ्याच्या लष्करी उठावामुळे राजाला घटना परत आणावी लागली आणि कैदी सुटले. ग्रानादाने आपल्या माणसाचं वाजतगाजत स्वागत केलं. पण सुटून आलेला माणूस बदललेला होता. तुरुंगातून बाहेर येणारे बहुतेक जण सूड मागतात. हा म्हणू लागला की एकाच सभागृहाची, राजाला कोपऱ्यात ढकलणारी घटना टिकणार नाही. राजा आणि लोक दोघांनाही परवडेल असं काहीतरी हवं. १८२२च्या फेब्रुवारीत तो मुख्य मंत्री झाला. जहाल मंडळींनी त्याला 'रोसिता ला पास्तेलेरा' हे नाव चिकटवलं. तडजोडीच्या मिठाया वळणारी रोसिता, असा त्यातला टोमणा. हे नाव त्याला जन्मभर पुरलं.

इकडे राजा त्याच्या पाठीमागे वेगळाच डाव खेळत होता. ७ जुलै १८२२च्या पहाटे राजाच्या रक्षकदलाच्या तुकड्या घटनेविरुद्ध माद्रिदवर चालून आल्या. नागरी सेनेने त्यांना प्लासा मायोरमध्ये पिटाळून लावलं. त्या रात्री मंत्री कुठे होते? राजवाड्यात, जवळजवळ ओलीस. ज्या राजाशी समजुतीने घेऊ म्हणून त्याने शिव्या खाल्ल्या, त्याच राजाच्या घरात तो अडकून पडला. ऑगस्टमध्ये त्याने पद सोडलं. पुढच्या वर्षी फ्रान्सच्या फौजा आल्या, फर्नांडो पुन्हा निरंकुश झाला आणि मार्तीनेझ दे ला रोसा पॅरिसला गेला. हा वनवास आठ वर्षांचा.

पॅरिसमधली वर्षं लेखक म्हणून त्याची सर्वांत फळलेली. दिदोच्या छापखान्यातून १८२७पासून त्याच्या साहित्याचे पाच खंड निघाले. पहिल्यात 'पोएतिका' हे सहा सर्गांचं पद्य काव्यशास्त्र आहे, सगळं जुन्या शिस्तीतलं. आणि त्याच मालिकेच्या शेवटाकडे ती शिस्त मोडणारी नाटकं. ज्या शहरात १८३०च्या फेब्रुवारीत ह्युगोच्या 'एर्नानी' या नाटकावरून प्रेक्षकांत हमरीतुमरी झाली, त्याच शहरात १९ जुलैला पोर्त-सें-मार्तें नाट्यगृहात या स्पॅनिश निर्वासिताचं 'आबेन उमेया' आलं. ते त्याने फ्रेंचमध्ये लिहिलं होतं. पुढे स्वतःच स्पॅनिशमध्ये आणलं. संगीत गोमिस या दुसऱ्या निर्वासित स्पॅनिश माणसाचं.

विषय १५६८चा. बळाने ख्रिस्ती केलेल्या मोरिस्कोंना दुसऱ्या फिलिपने भाषा, वेष, चालीरीती सगळं सोडायला सांगितलं आणि आल्पुहारासचे डोंगर पेटले. नाताळच्या रात्री कादियार गावच्या चर्चमध्ये भक्तिगीतं चालू आहेत आणि अंधारातून बंडखोर चौकात येताहेत, असा त्यातला प्रसंग आहे. लेखक ग्रानादाचा, त्याला हे डोंगर ठाऊक होते. फिलिपच्या हुकमांत किती क्रौर्य होतं हे तो पहिल्या अंकात असं काही दाखवतो की बंडाशिवाय गत्यंतरच नाही असं आपल्यालाही वाटतं. मग पुढे तो आपल्याला सोडत नाही. बंडाचा राजा झालेला आबेन उमेया स्वतःच्या सासऱ्याच्या मरणाला कारण होतो, कारण त्या म्हाताऱ्याने शत्रूशी तहाची बोलणी आरंभली होती. अखेर त्याला मारतात ते त्याचेच साथीदार. इतिहासातही त्याला त्याच्याच माणसांनी मारलं. या प्रयोगानंतर आठ दिवसांनी पॅरिसच्या रस्त्यांवर जुलै क्रांती झाली आणि ती मात्र यशस्वी झाली!

१८३१मध्ये त्याला स्पेनमध्ये परतायची परवानगी मिळाली. माद्रिदला मात्र यायचं नाही. तो ग्रानादाला आला. त्याच वर्षी मे महिन्यात त्याच गावात मारियाना पिनेदा या तरुण विधवेला गळफासाच्या यंत्राने ठार केलं होतं. तिच्या घरात उदारमतवाद्यांच्या घोषणा भरायला घेतलेलं निशाण सापडलं होतं आणि साथीदारांची नावं तिने सांगितली नाहीत. लोर्काने जवळजवळ शतकानंतर तिच्यावर नाटक लिहिलं. मार्तीनेझ दे ला रोसा ज्या ग्रानादात परतला, ते असं होतं.

फर्नांडो १८३३च्या सप्टेंबरात मेला. गादीवर तीन वर्षंही पुरी न झालेली इसाबेल, कारभार आई मारिया क्रिस्तिनाच्या हाती, आणि उत्तरेत चुलता डॉन कार्लोस याने यादवी युद्ध पेटवलेलं. राजघराण्याला उदारमतवाद्यांची गरज लागली, ती अशी. १८३४च्या जानेवारीत मारिया क्रिस्तिनाने मार्तीनेझ दे ला रोसाला बोलावलं.

त्याने दिलेली सनद पन्नास कलमांची होती. दोन सभागृहं, वरचं उमरावांचं, खालचं निवडलेल्या प्रतिनिधींचं. प्रतिनिधी व्हायचं तर तीस वर्षं वय आणि वर्षाला बारा हजार रेआलचं उत्पन्न हवं. मत देणारे सबंध देशात सुमारे सोळा हजार, लोकसंख्या एक कोटीच्या वर. राजसत्तेने पुढे ठेवलेल्या विषयावरच सभागृहांनी चर्चा करायची; स्वतःहून करता येईल तो फक्त अर्ज. नागरिकांच्या हक्कांचं एकही कलम त्यात नाही. त्या उन्हाळ्यात खालच्या सभागृहाने हक्कांची यादी अर्जाच्या रूपाने मांडली, तेव्हा पंतप्रधानाने उभं राहून तिला विरोध केला. छापण्यापूर्वी राजकीय मजकूर तपासायची पद्धतही चालूच राहिली. कादिसमध्ये छपाईच्या स्वातंत्र्यासाठी समितीत बसलेला माणूस तो हाच! हे मी झाकून ठेवणार नाही. त्याच्या बाजूने बोलायचं तर एवढंच: १८१४ आणि १८२३ अशी दोनदा घटना पुसली जाताना त्याने पाहिली होती. या वेळी कमी मागू, पण ते टिकेल असं मागू, असा त्याचा हिशोब होता. माझ्या मते त्याने फारच कमी मागितलं.

आता 'व्हेनिसचा कट'. पाच अंक, गद्य. साल १३१०. पहिल्या अंकात कार्निव्हलच्या दिवसांत मध्यरात्री जिनोव्हाच्या वकिलाच्या वाड्यात कटवाले जमतात. त्यांच्यात रुजिएरो आहे, आईबाप माहीत नसलेला अनाथ तरुण. सिनेटर मोरोसिनीची मुलगी लाउरा हिच्याशी त्याने चोरून लग्न केलं आहे.

दुसऱ्या अंकाचा पडदा उघडतो तो मोरोसिनी घराण्याच्या दफनघरात. थडगी, एक दिवा, रात्र. नवराबायकोला भेटायला सबंध शहरात दुसरी जागा नाही. लाउरा येण्याआधीच आपण पाहतो की तिचा काका पिएत्रो मोरोसिनी हेरांसह तिथे आला आहे. तो दशकमंडळाच्या, म्हणजे दहा जणांच्या मंडळाच्या, न्यायासनाचा प्रमुख. ते थडग्यांच्या आड लपतात. मग ती दोघं येतात, बोलतात, घाबरतात, धीर देतात. प्रत्येक शब्द कुणीतरी ऐकत आहे हे आपल्याला ठाऊक असतं, त्यांना नसतं. काही वेळाने मुखवटे घातलेली माणसं पुढे होतात आणि रुजिएरोला उचलतात. पुढच्या काही वर्षांत स्पॅनिश रंगभूमीवर थडगी आणि मुखवटे पोत्याने आले. इथे मात्र ते शोभेसाठी नाहीत. घरातलं बोलणंसुद्धा ज्या राज्यात राज्याचं होतं, तिथे खासगी जागा उरली ती मेलेल्यांची, आणि तिथेही कान आहेत. नाटककाराने हे वाक्यात कुठेही सांगितलेलं नाही. फक्त माणसं कुठे उभी करायची ते ठरवलं आहे.

चौथ्या अंकात सान मार्कोच्या चौकात कार्निव्हलची गर्दी आहे, आणि त्या गर्दीतच उठाव होतो आणि मोडतो. पाचवा अंक न्यायासनाचा. माझ्या दृष्टीने तो या माणसाने लिहिलेला सर्वांत मोठा ऐवज आहे. तिथे कुणी ओरडत नाही, कुणी खलनायकासारखं हसत नाही. एकेक आरोपी येतो, प्रश्न विचारले जातात, उत्तरं लिहून घेतली जातात. सगळं रीतसर. रुजिएरोला त्याच्या जन्माविषयी विचारतात. लहानपणी चाच्यांच्या हातून तो कसा वाचला हे तो सांगू लागतो, आणि प्रश्न विचारणाऱ्या पिएत्रो मोरोसिनीच्या ध्यानात येतं की समोर उभा आहे तो वर्षांपूर्वी हरवलेला आपलाच मुलगा. तो कोसळतो. आणि न्यायासन काम पुढे चालू ठेवतं. रुजिएरोला वधस्तंभाकडे नेतात. तो स्तंभ पाहून लाउरा खाली पडते. पडदा.

हरवलेला मुलगा सापडणं ही जुनी नाटकी युक्ती आहे, हे मान्य. पण ती कुठे वापरली पाहा. एरवी अशी ओळख पटली की शिक्षा टळते, सगळे गळ्यात पडतात. इथे ओळख पटून काहीही बदलत नाही. न्यायाधीशाच्या दुःखालासुद्धा त्या यंत्रात जागा नाही. शिवाय इतिहासातलं एक कलम लेखकाने जाणूनबुजून फिरवलं आहे. व्हेनिसचं दशकमंडळ या कटाआधी नव्हतंच. खरा कट, म्हणजे बायामोन्ते तिएपोलोचा उठाव, जून १३१०मध्ये फसला आणि त्यानंतर, त्याच्या भीतीने, जुलैत ते मंडळ नेमलं गेलं. तेही तात्पुरतं म्हणून, आणि टिकलं प्रजासत्ताक संपेपर्यंत, जवळजवळ पाचशे वर्षं. नाटकात ते आधीपासूनच बसलेलं आहे. १८१४च्या रात्री धरलेल्या आणि राजाच्या हुकमाने खडकावर गेलेल्या माणसाला ते आधी बसवावंसं वाटलं, यात नवल नाही.

हे नाटक त्याने वनवासात लिहिलं, १८३०मध्ये पॅरिसला छापलं, तेव्हा तो रुजिएरोच्या जागी होता. प्रयोग झाला तेव्हा तो पिएत्रो मोरोसिनीच्या खुर्चीत बसलेला होता. हेर त्याच्या सरकारचे, छापील मजकूर तपासणारे त्याच्या सरकारचे. हे नाटक आता नको, असं म्हणणं त्याला सहज शक्य होतं. त्याने ते माद्रिदच्या लोकांसमोर ठेवलं. सत्तेवर असताना सत्तेविषयीचं आपलं जुनं भय जाहीरपणे दाखवायला धैर्य लागतं. त्याच्या सनदेत हे धैर्य जेवढं कमी पडलं, तेवढं या प्रयोगात आहे.

लारा हा त्या काळचा सर्वांत धारदार स्पॅनिश लेखक, 'फिगारो' या नावाने लिहिणारा, नुकतीच पंचविशी गाठलेला. त्याने दोनच दिवसांत नाटकावर लिहिलं आणि भरभरून लिहिलं. मंत्र्याने साहित्याची सेवा करण्यात भूषण मानावं, सनद आणि नाटक पाठोपाठ द्यावं, याचं त्याला अप्रूप वाटलं. पुढे हाच लारा त्या सरकारवर तुटून पडला. त्याची स्तुती खरी होती आणि निराशाही खरी होती.

१८३४च्या जुलैत माद्रिदमध्ये पटकीची साथ आली. संन्याशांनी पाण्यात विष कालवलं अशी आवई उठली आणि १७ जुलैला जमावाने जेझुइटांच्या, फ्रान्सिस्कनांच्या मठांत शिरून सत्तरहून अधिक धर्मगुरू मारले. सैन्य हाताशी असून ते वेळेवर हललं नाही. एका आठवड्याने, २४ जुलैला, त्याच शहरात नव्या सभागृहांचं उद्घाटन झालं. अंधाऱ्या न्यायासनाला घाबरणाऱ्या नाटककाराला जमावाचं दुसरं भय ठाऊक नव्हतं असं नाही. 'आबेन उमेया'तलं चर्च आठवा. पण मंत्री म्हणून ते थोपवणं त्याला जमलं नाही. रक्ताचा हा डाग त्याच्या कारकिर्दीवरून पुसता येत नाही.

त्याच कारकिर्दीतली दुसरी गोष्ट तेवढीच सांगायला हवी. उत्तरेतल्या युद्धात दोन्ही बाजू कैद्यांना सर्रास गोळ्या घालत होत्या. १८३५च्या एप्रिलमध्ये ब्रिटनच्या लॉर्ड एलियटच्या मध्यस्थीने कैद्यांच्या अदलाबदलीचा करार झाला आणि काही काळ हजारो जीव वाचले. माद्रिदमध्ये यावर केवढा गदारोळ! बंडखोरांशी करार म्हणजे त्यांना मान्यता, असं म्हणत विरोधकांनी सरकारला धारेवर धरलं. मार्तीनेझ दे ला रोसाने कराराची बाजू सोडली नाही. फ्रान्सकडे मदत मागितली ती मिळाली नाही, आणि जूनमध्ये तो पायउतार झाला. पुढच्या वर्षी ला ग्रान्हाच्या राजवाड्यात साध्या सार्जंटांनी बंड करून मारिया क्रिस्तिनाला १८१२ची घटना जाहीर करायला लावली आणि सनद संपली. दोन वर्षं चार महिने, एवढंच तिचं आयुष्य. मात्र १८३७मध्ये जहालांनी नवी घटना केली तेव्हा दोन सभागृहं त्यांनीही ठेवली.

पुढची पंचवीस वर्षं भराभर सांगतो. पॅरिस आणि रोमला राजदूत, पंतप्रधान नार्वाएझच्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री. त्या काळात, १८४५मध्ये, गुलामांच्या व्यापाराला शिक्षा ठरवणारा कायदा झाला. क्यूबातली गुलामगिरी मात्र तशीच राहू दिली. इथेही अर्धंच पाऊल. १८३९पासून मरेपर्यंत तो स्पॅनिश अकादमीचा संचालक होता. दहा खंडांचा राजकीय इतिहास लिहिला, ग्रानादावर कादंबरी लिहिली. दोन्ही आज वाचवत नाहीत. त्याच्या कवितांपैकी एकच मला पुन्हा पुन्हा वाचाविशी वाटते. फ्रीयासच्या ड्यूकची पत्नी वारली तेव्हा, १८३०मध्ये, पॅरिसहून त्याने मित्राला लिहिलेलं ते काव्यपत्र आहे. सांत्वनाची नेहमीची वाक्यं त्यात नाहीत. दूर देशी राहिलेला एक दुःखी माणूस दुसऱ्याला सांगतो की रडणं थांबवू नकोस, मला दुःखाचा सराव आहे म्हणून मी लिहितो आहे.

७ फेब्रुवारी १८६२ला तो माद्रिदमध्ये वारला, त्या वेळी कनिष्ठ सभागृहाचा अध्यक्ष होता. आज त्याच्या अस्थी माद्रिदच्या थोर पुरुषांच्या स्मारकात आहेत, आर्गुएयेस, मेन्दिसाबाल, ओलोसागा या उदारमतवादी राजकारण्यांबरोबर एकाच समाधीत. यांतल्या काहींनी त्याच्यावर सभागृहात कठोर टीका केली होती. समाधीच्या शिखरावर स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा आहे.

आता तुमच्यापैकी जे नाटकवाले आहेत त्यांच्याकडे एक मागणं मागून थांबतो. 'व्हेनिसचा कट' मराठीत खेळलं जावं असं मला फार वाटतं. नाटक गद्य आहे, त्यामुळे भाषांतराला पद्याची अडचण नाही. चौथ्या अंकातली गर्दी मोठ्या संचाला झेपेल. लहान संचाला तो अंक आवाजांवर निभावून नेता येईल. पहिल्या अंकातली लांब भाषणं कापावीत. दफनघराचा अंक आणि न्यायासनाचा अंक मात्र आहे तसे ठेवावेत, आणि शेवटच्या अंकात प्रश्न विचारणाऱ्यांचा आवाज एकदाही चढू देऊ नये.